एक्केचाळिसावी बारी

पान सत्त्याऐंशीच्या तळाला मुंगीएवढ्या टाइपात चार ओळी होत्या. त्या वाचल्या आणि माझ्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. फार नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकाला शोभेल इतपतच. आम्ही बाहेरचे परीक्षक प्रबंध सहसा रिक्षात वाचतो. शिवाजीनगरपासून कॉलेजपर्यंत प्रस्तावना होते, सिग्नल लागला तर निष्कर्षही उरकतात. त्या दिवशी मी वीस मिनिटं आधी पोचलो. मार्गदर्शक मॅडम तासावर होत्या, शिपायानं पंखा लावून दिला, चहा ठेवला, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी प्रबंध मधूनच उघडला. माणसानं वेळेवर जावं, वेळेआधी जाऊ नये, हे मी तेव्हापासून मानायला लागलो. दोन हजार सातचा मे महिना होता, आणि प्रबंध होता समृद्धी नावाच्या एलएल.एम.च्या विद्यार्थिनीचा: नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत चाललेले खटले. मराठीत लिहिलेला, म्हणून माझ्याकडे आला. हा कायदा शिकवणारा आणि मराठीला न लाजणारा परीक्षक पुणे शहरात मी एकटाच आहे अशी एक समजूत आहे, आणि ती मी कधी खोडून काढलेली नाही. मुलीनं सव्वीस खटले शोधले होते. पंचवीस खटल्यांत आरोपी निर्दोष. सव्विसाव्यातला आरोपी निकालाआधीच वारला, म्हणजे एका परीनं तोही सुटलाच. प्रत्येक खटल्यापुढे सुटण्याचं कारण दिलेलं: तडजोड, साक्षीदार फितूर, पंच गैरहजर, तडजोड, साक्षीदार फितूर. वाचताना आरतीसारखं लयीत यायला लागतं. एकोणिसाव्या खटल्यापुढे मात्र वेगळंच कारण होतं. ‘ध्वनिक्षेपकातील बिघाड.’ आणि त्याखालीच ती तळटीप. ‘साक्षीदार क्रमांक तीन याने घटनेच्या वेळी ध्वनिक्षेपक बंद असल्याचे सांगितले व ते ग्राह्य धरले गेले. तथापि फिर्यादीने उलटतपासात, लोक हसले व मीही हसलो, असे कबूल केले आहे. ध्वनिक्षेपक बंद होता तर लोक कशाला हसले, याचा खुलासा निकालपत्रात नाही.’

साक्षीदार क्रमांक तीन म्हणजे मी. निकालपत्रात माझं नाव घेतलेलं नाही. ‘सुशिक्षित, सरकारी नोकरीतील व उभय पक्षांशी वैर नसलेला इसम’ एवढंच म्हटलंय. माझ्याबद्दल इतकं बरं आजवर कोणी लिहिलेलं नाही, माझ्या सासऱ्यांनी तर नाहीच. मी कप खाली ठेवला. उजवा तळहात खाजायला लागला होता. ही खाज माझ्या ओळखीची आहे, डॉक्टर तिला अॅलर्जी म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो. अकरा वर्षं झाली त्या साक्षीला. न्यायाधीशांनी हा प्रश्न विचारला नाही, सरकारी वकिलांनी विचारला नाही, तपास करणाऱ्या फौजदारांनी विचारला नाही. कोर्टातला पट्टेवाला हुशार होता, त्याच्या लक्षात आलं असावं, पण त्याला कोण विचारतो. आणि आता कोण कुठली एक मुलगी, लायब्ररीतल्या पंख्याखाली बसून निकालपत्राची झेरॉक्स वाचते, आणि सहज विचारते, भोंगा बंद होता तर लोक कशाला हसले?

मॅडम आल्या. घाम पुसत, खडूची बोटं झटकत. “वाचलात का, सर? पोरगी मेहनती आहे. तालुक्याच्या कोर्टात आठ महिने हेलपाटे घातलेत तिनं. फक्त ती पान सत्त्याऐंशीवरची तळटीप बघा. मी दोनदा सांगितलं, काढून टाक. निकालपत्र ते निकालपत्र. आपण अभ्यास करतोय, अपील नाही. पण ऐकत नाही. म्हणते, बाहेरच्या सरांना विचारू, ते म्हणाले तर काढते.” मी म्हणालो, “हट्टी आहे का?” “बोरी बुद्रुकची आहे,” मॅडम म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं. “तुम्ही नुसतं म्हणा, अनावश्यक आहे. संपलं.” मी मान हलवली. मान हलवण्याची माझी एक पद्धत आहे, तिचा अर्थ होय असा होतो आणि नाही असाही होतो. वीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केल्याचं एवढंच काय ते फळ माझ्याकडे शिल्लक आहे. सव्वीस खटल्यांच्या त्या जाड बाडात फिर्यादीवर, म्हणजे भागूवर, विश्वास ठेवणारी जागा ती एकच होती, चार ओळींची, आणि ती ठेवायची की पुसायची हे मी ठरवायचं होतं. मी. ज्या कोणाला हे सुचलं, त्याची विनोदबुद्धी माझ्यापेक्षा बरी आहे.

भागू दोराचं काम करायचा. त्याचा बाप, आजा, सगळे तेच. कळंबच्या पुढं, हमरस्त्यापासून आत, आमच्या गावच्या खालच्या अंगाला त्यांची मातंगांची सात-आठ घरं होती, आणि घरांपुढं घायपाताच्या पानांतून काढलेले वाख वाळत पडलेले. लहानपणी शाळा सुटली की मी तिथं जायचो. दोर वळताना दुसरं टोक कोणीतरी घट्ट धरून मागं मागं सरकावं लागतं. ते टोक माझ्या हातात असायचं. घायपात तळहाताला खाजतो. घरी आलो की माझी आई, धोंडाबाई, हात बघून ओळखायची मी कुठं होतो ते, आणि घरात शिरायच्या आधी दारातच हातावर पाणी ओतायची. ती वाईट बाई नव्हती. पाणी कोमट करून ओतायची. पंचक्रोशीतल्या यात्रांमध्ये जे बैल घाटात पळायचे, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या नाकात भागूची वेसण असायची आणि गळ्यात भागूचा कासरा. ज्यांना आमच्याकडचा घाट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगराच्या उतारावर एक चढाचा रस्ता, खाली गाडा जुंपायचा, वर निशाण, आणि किती सेकंदात बैल वर येतात ते घड्याळात बघायचं. एकेका गाड्याची पळण्याची पाळी म्हणजे बारी. बाकी दोन्ही बाजूंना माणसं, भंडारा, धूळ आणि भोंगा. भोंग्यावर मी असायचो. माझा आवाज बरा होता आणि तोंड त्याहून बरं. यात्रा कमिट्या मला लांबून बोलवायच्या. लोक बैल बघायला यायचे की मला ऐकायला, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारायचो आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं.

त्र्याण्णवच्या चैत्रातली यात्रा. त्या साली भागूनं स्वतःचा गाडा आणला. वासरं असल्यापासून वाढवलेली खोंडं, शिंगं रंगवलेली, पाठीवर त्याची बायको लंकाबाई हिनं शिवलेली झूल. त्यानं कमिटीकडं टोकन मागितलं आणि कमिटीनं दिलं. एक्केचाळीस नंबर. इथं आमच्या गावाची हुशारी ध्यानात घ्यायला हवी. टोकन नाकारलं असतं तर बोभाटा झाला असता, कायदा आडवा आला असता. टोकन दिलं आणि नंबर पुकारलाच नाही, तर ते फक्त राहून गेलं. गर्दीत राहून जातं माणसाचं. पुढं मी विद्यार्थ्यांना तीन तास घेऊन शिकवलं की भेदभाव हा कृतीत असतो तसा न केलेल्या कृतीतही असतो. गावानं ते मला एका अंगठ्यात शिकवलं होतं. यादी माझ्यासमोर होती, चाळिसावा गाडा वर पोचला होता, आणि यात्रा कमिटीचे अध्यक्ष गेणभाऊ यांनी शेजारून हात लांब करून एक्केचाळिसाव्या ओळीवर अंगठा ठेवला. “हा सोड,” ते म्हणाले. एवढंच. आवाज सुद्धा चढवला नाही. गेणभाऊ तसे मायाळू गृहस्थ, माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलेला त्यांनी. मी समजलो. मी नुसतं बेचाळीस म्हटलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मी त्या ओळीकडे बघत होतो आणि भोंग्यावर दोन सेकंद शांतता झाली. भोंग्यावरची शांतता मला सोसत नाही, कधीच सोसली नाही. पाच हजार माणसं माझ्याकडे तोंड करून. खाली भागू, कासरा हातात, वर बघतोय. आणि माझ्या तोंडून निघालं, अगदी ठसक्यात: “एक्केचाळीस नंबरच्या बैलांची अंघोळ राहिलीय. कोणत्या विहिरीवर घालायची ते पंचांनी ठरवावं. तवर, बेचाळीस नंबर...”

हशा. असा हशा की घाटाच्या दोन्ही कडा हलल्या. आमच्या गावात विहिरी दोन होत्या, आणि त्या दोन का होत्या हे बैलांनासुद्धा माहीत होतं. तो विनोद मला कोणी शिकवला नव्हता, कोणी सांगितला नव्हता, आधी कधी मनात आला नव्हता. एका श्वासात आला, पूर्ण, टोकदार, तयार. पुढं मी पुष्कळ विनोद केले, माणसं हसली, हारतुरे मिळाले, पण इतका बिनचूक जमलेला दुसरा नाही. हे मला कोणाला सांगता आलेलं नाही. गेणभाऊंनी पाठीवर थाप मारली. आणि मी खाली बघितलं, तर भागूही हसत होता. लांबून त्याचे दात दिसले. मला बरं वाटलं. बघा, त्यालाही आवडला. बेचाळीस गेला, त्रेचाळीस गेला, पन्नास, साठ. तो जुंपायच्या जागेशी बैल धरून उभाच. मधेच कोणीतरी त्याला म्हणालं, “भागू, बाजूला घे राव, धुळीत कशाला उभी केलीस जनावरं.” त्यानं घेतली बाजूला. दिवस कलल्यावर त्यानं शिंगांवरच्या रिबिनी काढल्या, घडी केली, खिशात घातल्या आणि बैल घेऊन गावातल्या मधल्या रस्त्यानं घरी गेला. खालच्या पायवाटेनं नाही. मधल्या.

तिसऱ्या दिवशी त्यानं फिर्याद दिली. गावाला धक्का बसला, म्हणजे जेवढा धक्का गावाला शोभतो तेवढा. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, अंगणातच उभा राहिला. म्हणाला, “हौशीभाऊ, तुझं नाव साक्षीला घातलंय. तुला काय करायचं न्हाई. जे झालं ते सांगायचं.” मी विचारलं, “आणि मी बोललो ते?” तो हसला, जरा कीव आल्यासारखा. “तू कशाला आसं बोलशील? त्यांनी बोलाय लावलं. गेणभाऊ शेजारीच बसल्याला, मी बघितला की. मला म्हाईत न्हाई व्हय तू कसा हाईस ते?” फिर्यादीत त्यानं तसंच लिहून दिलं होतं: आरोपीने पुकारणाऱ्याच्या तोंडून वदवले. दोराचं दुसरं टोक ज्यानं धरलं तो आपला, असा त्याचा साधा हिशोब. ज्यानं शब्द उच्चारले त्याला त्यानं साक्षीदार केलं, आणि ज्यानं फक्त अंगठा ठेवला त्याला आरोपी. कायद्याच्या इतिहासात इतकी चूक इतक्या विश्वासानं झाल्याचं माझ्या वाचनात नाही. मी तेव्हा तरी म्हणायचं होतं, अरे भागू, ते माझंच. मी म्हणालो, “पाणी घेतोस का?” तो म्हणाला, “नगं, उशीर झाला.” आणि मला हायसं वाटलं, कारण आई घरात होती आणि कोणत्या भांड्यात द्यायचं हा प्रश्न टळला.

खटला तीन वर्षांनी उभा राहिला. मधल्या काळात गेणभाऊंनी मला एकदाही धमकावलं नाही. लोकांना वाटतं साक्षीदार फिरतो तो भीतीनं. मुलीच्या प्रबंधातही तसं एक प्रकरण आहे, ‘दडपण व त्याचे प्रकार’, चांगलं लिहिलंय. पण गेणभाऊ एकदा एसटी स्टँडवर भेटले आणि म्हणाले, “हौशीराम, तू खरं तेच सांग बाबा. कोर्टात खोटं बोलू नये. फक्त त्या दिवशी भोंगा दोनदा बंद पडला व्हता, ते आठवतंय ना?” आठवत होतं. सकाळी दोनदा बंद पडला होता, बॅटरीची वायर निघाली होती. मग मी कोर्टात शपथेवर सांगितलं की एक्केचाळीस नंबरच्या वेळी भोंगा बंद होता, कोण काय बोललं ते कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी खोटं बोललो असं मला बरीच वर्षं वाटायचं नाही. सकाळचं खरं मी फक्त दुपारी नेऊन ठेवलं. आणि गेणभाऊंना वाचवण्यासाठीही नाही. भोंगा चालू होता म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, ते वाक्य कोणाचं? त्या प्रश्नाच्या अलीकडंच मला थांबायचं होतं. आधी भागूची साक्ष झाली होती. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, “लोक हसले तेव्हा तुम्ही हसला की नाही?” भागू म्हणाला, “हसलो, साहेब.” “का हसलात?” “समदी हसत व्हती. एकट्यानं न हसता उभं ऱ्हायाचं लई जड आसतं.” टंकलेखकानं पहिलं उत्तर घेतलं. दुसरं मुद्द्याला धरून नाही म्हणून राहिलं. ते आता फक्त माझ्याकडे आहे, आणि मी ते कुठं ठेवू ते मला कळत नाही. या कायद्यात बारावं कलम आहे: जुलूम सोसणारा अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्टानं गृहीत धरायचं. फार मोठ्या मनाचं कलम. मी वर्गात ते आवाज चढवून शिकवतो. पण गृहीत धरायला आधी कृत्य लागतं, आणि कृत्य मी बॅटरीच्या वायरीसकट काढून घेतलं होतं. निकालानंतर कोर्टाच्या पायरीवर भागू मला म्हणाला, “जाऊ दे, हौशीभाऊ. तुझ्या बी नोकरीचा सवाल व्हता.” तो रागावला असता तर मी आज कदाचित सुखात असतो.

त्या रात्री जेवताना आईनं भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि माझं होत आल्यावर चुलीकडं तोंड करून म्हणाली, “भोंगा चालू व्हता रं. मी हितं पुरणाला बसले व्हते, मला ऐकू आलं.” मी म्हटलं, “काय ऐकू आलं?” ती म्हणाली, “इहिरीचं.” मग तिनं माझं ताट उचललं. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, पण त्यावर पुन्हा एक शब्द नाही. हातावर कोमट पाणी ओतणारी बाई. तिला सुद्धा ते जास्त झालं होतं.

पाप धुवायला माणसं काशीला जातात, मी एलएल.बी.ला गेलो. नोकरी करून, संध्याकाळच्या वर्गाला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पोरांच्या बाकावर. सगळ्यांना वाटलं हौशीरामला शिकायची हौस. नावच तसं. संविधान मला पाठ झालं, सतरावा अनुच्छेद झोपेत म्हणायला लागलो, पुढं एलएल.एम. करून कारकुनी सोडली आणि शिकवायला लागलो. दुसऱ्यांच्या खटल्यांतली फटच काय, साधी चीर सुद्धा मी लांबून ओळखायचो, फक्त एकोणिसाव्याकडे कधी गेलो नाही. अभ्यासाची ही एक सोय आहे, आपल्याला जो धडा नको असतो त्याच्या भोवतीचे सगळे धडे करता येतात आणि कोणी आळशी म्हणत नाही. नव्व्याण्णव साली मंचरच्या स्टँडवर भागू भेटला. बैल केव्हाच विकले होते, नायलॉनच्या दोरानं त्याचा धंदाही गेला होता, भोसरीला एका गेटावर वॉचमन होता. मला बघून लांबूनच हात केला. “वकील झालास म्हनं. लई चांगलं झालं. आता आमच्यासारख्याचा एखादा खटला आला तर आपला मानूस आसंल.” चहा त्यानं सांगितला. दोन एकसारखे कप आले आणि त्या कपांकडं आम्ही दोघांनी एकदमच बघितलं, मग एकदमच दुसरीकडं. एसटीला पंचवीस मिनिटं होती. पंचवीस मिनिटांत माणूस काय नाही सांगू शकत. मी त्याला माझ्या प्राध्यापकांची नक्कल करून दाखवली. तो पोट धरून हसला. मी हसवल्यावर माणसं मला माफ करतात असा माझा अनुभव होता, आणि माफ करायचं काय होतं हे त्यांना सांगायची कधी गरज पडली नव्हती. दोन वर्षांपूर्वी भागू गेला. दहाव्याला मी गेलो नाही. त्याच दिवशी एका महाविद्यालयात माझं व्याख्यान होतं, विषय ‘अस्पृश्यता: कायदा आणि वास्तव’. चांगलं झालं. टाळ्या पडल्या.

“सर?” मॅडम म्हणत होत्या. समृद्धी समोर येऊन बसली होती. बारीक चणीची, प्रबंधाच्या कडेनं पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. मॅडमनी दोन-चार प्रश्न विचारले, तिनं कलमं, वर्षं, आकडे बिनचूक सांगितले. मी विचारलेल्या प्रश्नांचं मला आता काही आठवत नाही. मग मॅडमनी माझ्याकडे बघून चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या, “आता ते पान सत्त्याऐंशी.” मुलगी खुर्चीत पुढं सरकली. “सर, मॅडम म्हणतात काढ. पण मी बोरीची आहे, सर. आमच्याकडं घाट आहे. भोंगा बंद पडला की लोक शिट्ट्या मारतात, ओरडतात, ‘अय भोंगेवाले, झोपला का?’ म्हणतात. हसत नाहीत. खालच्याला वरचं काही ऐकूच जात नाही तर हसणार कशाला? आणि फिर्यादी जर खोटं बोलणारा असता, तर मीही हसलो असं कशाला म्हणाला असता? ते तर त्याच्याच विरोधात गेलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या अंगावर घेत नाही, सर.” मॅडम म्हणाल्या, “अगं, सरांना घाट काय माहीत? कायद्याचं बोल.” समृद्धी म्हणाली, “कायद्याचंच आहे, मॅडम. मी त्या साक्षीदाराला शोधत होते. साक्षीचे कागद मिळाले नाहीत, वाळवी लागली म्हणाले. तो एकदा भेटला असता तर विचारलं असतं.” मग माझ्याकडे वळून: “तुम्ही सांगा, सर. काढू का ठेवू?”

पंखा वर एका पात्यानं कुरकुरत होता. तळहात खाजत होता. मला वाटलं, काढ म्हटलं तर ही मुलगी काढेल, चांगले गुण घेईल, कुठंतरी न्यायाधीश होईल, आणि मी दीडच्या आत घरी. ठेव म्हटलं, नुसतंच, तरी चालेल. नुसतं ठेव म्हणणारे परीक्षक उदार वाटतात. बैल विकले गेले, माणूस गेला, चार ओळी राहिल्या काय आणि गेल्या काय, तळटिपेत गाडा पळत नाही. “ठेवा,” मी म्हणालो. “कारण?” मॅडमनी विचारलं, जरा नाराजीनं. “कारण भोंगा चालू होता.” “कशावरून, सर?” हे समृद्धीनं. मी म्हणालो, “साक्षीदार क्रमांक तीन मी आहे.”

आधी मॅडम हसल्या. अगदी मनापासून, टेबलावर हात आपटून. “सर, तुम्ही म्हणजे ना. पोरीला घाबरवू नका.” मग समृद्धीही हसली, विद्यार्थ्यांनी परीक्षकाच्या विनोदाला हसावं तशी, अदबीनं. त्यांची चूक नव्हती. तीस वर्षं मी जे बोलत आलो त्याचा शेवट हशातच झालेला. खोलीत हसू विरायला लागलं आणि ती दोन सेकंदं परत आली. तीच. माझ्या जिभेवर एक वाक्य आलंही होतं, फार चांगलं, तयार, टोकदार, ते म्हटलं असतं तर सगळे पुन्हा हसले असते आणि आम्ही जेवायला उठलो असतो. ते काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. मी गप्प बसलो. न हसता बसलो. भागू म्हणाला होता तसं ते फार जड असतं, एकट्यानं तर फारच. समृद्धीचं हसू आधी थांबलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग हळूच पेनचं टोपण काढलं. मॅडम म्हणाल्या, “सर?”

“मग सर,” मुलगी म्हणाली, जपून, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं, “ते वाक्य आरोपीनं तुम्हाला बोलायला लावलं, असं लिहू?” भागू अंगणात उभा राहून जे म्हणाला होता, तेच. सुटायचं ते दार चौदा वर्षं उघडं होतं आणि अजूनही कोणी लावलं नव्हतं. “नाही,” मी म्हणालो. “गेणभाऊ एवढंच म्हणाले, हा सोड. वाक्य माझं.” तिनं लिहिलं. पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. मग तिनं वर न बघता विचारलं, “संदर्भात नाव द्यावं लागेल, सर. पूर्ण नाव?” शेकडो नावं मी पुकारली आहेत, बैलांच्या मालकांची, पाहुण्यांची, हरवलेल्या म्हाताऱ्यांची, घाटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. स्वतःचं कधी पुकारायची वेळ आली नव्हती. मी सांगितलं. पंख्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं.

“सर,” ती म्हणाली, “जरा मोठ्यानं.”